ठमी आणि तिच्या तीन आया

छातीठोकपणे सांगतो, वासरू सांभाळणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ! बायको भाचीच्या लग्नाला निघाली, तेव्हा तिलाही मी हेच सांगितलं. आमच्या गाईची कास सुजली होती, म्हणून ठमी या तान्ह्या कालवडीला बाटलीनं दूध पाजावं लागे.

"अहो, एका वेळी एकच बाटली! ती कितीही हंबरली तरी विरघळू नका!"

"मी? ऑफिसात लोक रजेसाठी माझ्यापुढे रडतात, मी मान वर करत नाही!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमीनं शेपटी उचलली आणि माझ्या पांढऱ्या शर्टाचा नकाशा केला. मी हसलो. पण नळ उघडा राहावा तशी हगवण सुरू झाली आणि हसू मावळलं. ठमीनं अंग टाकलं. डोळे खोल, कान गार.

फोन लावला. "डॉक्टर, धावा! आमच्या पोरीला हगवण लागलीय!"

"अहो, मी जनावरांचा डॉक्टर!"

"पोरगी जनावरच आहे हो!"

डॉक्टर आले. ठमीच्या मानेची कातडी चिमटीत धरून म्हणाले, "अंगातलं पाणी कमी झालंय. दूध किती पाजता?"

"एका वेळी एकच बाटली!" मी ताठ मानेनं म्हणालो.

"मीही एकच," गुडघेदुखीमुळे लग्नाला न जाता घरीच राहिलेले माझे सासरे पुटपुटले. "तुम्ही आत गेलात की ती हंबरायची हो!"

कुंपणापलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगंबाई! मला वाटलं, घरात दोघेही पुरुष, वासरू उपाशीच असणार. मीही पाजत होते!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "वासरू आहे, टँकर नव्हे! दूध मोजून द्या. मधल्या वेळेत ही मीठ-साखरेची पुडी कोमट पाण्यात कालवून पाजा. जागा कोरडी ठेवा, ऊब द्या."

मी पाणी कालवून ठेवलं आणि बाटली धुऊन आलो, तर भांडं रिकामं!

"सरबत झकास होतं," सासरे मिशा पुसत म्हणाले. "मीठ तेवढं जास्त पडलं."

पुन्हा कालवलं. ठमी बाटली तोंडात घेईना. मी तिला माझ्या नव्या कोटात गुंडाळलं, गळा खाजवला, विनवण्या केल्या. "घे गं राणी, एक घोट!" अखेर तिनं जीभ हलवली. मग एक घोट. मग दुसरा!

सकाळी ठमी चार पायांवर उभी होती आणि माझा कान चोखत होती! मी तिच्या गळ्यात पडून आनंदानं चक्क रडलो. "माझी सोन्यासारखी बाय ती! काय हवं ते माग!"

मागे खाकरण्याचा आवाज आला. दारात बायको उभी होती, हातात बॅग.

"गेल्या महिन्यात मी तापानं फणफणले होते," ती शांतपणे म्हणाली, "तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, 'स्वयंपाकाचं काय?'"

मी ठमीकडे पाहिलं. तिनं कान सोडला होता. ऐकू मात्र मला काहीच आलं नाही, असं मी ठरवून टाकलं!