दिपिकाच्या दोन रेघा

"तुजी पोर मुंबैला शिकते तरी काय रे?" असं धरणावर कुणी विचारलं की सुदाम इकडेतिकडे बघायचा. दिपिका म्हणजे त्याचा जीव की प्राण, आणि ती काय शिकते हेच त्याला सांगता येत नव्हतं. याची त्याला भारी लाज वाटे. शेवटी ती सुट्टीला घरी आली तेव्हा त्याने तिला गाठलंच.

सुदाम ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून धरणात जाळं टाकायचा. दिपिकाने तीच ट्यूब पुढ्यात ओढली आणि खडूने दोन रेघा काढल्या. एक ट्यूबभर लांब फिरून निघाली तिथेच परत आली, दुसरी ट्यूबच्या जाडीभोवती बांगडीसारखी.

"बाबा, या दोन रेघांवर कापलं ना, तर तुकडे नाय पडत. अख्खी ट्यूब उलगडून सपाट होते. याहून जास्त भोकांच्या वस्तूंवर अशा रेघांची जोडी कशी बसंल, ते मी शोधते."

सुदामला कळलं! सकाळी काठावर जाताच त्याने, त्याच्यासारखाच ट्यूबवरून मासे धरणाऱ्या जैतूला सगळं ऐकवलं. जैतू हसून हसून वाकला.

"दोनदा कापायचं नि तुकडा एकच? फसवतात रे पोरीला!"

पोरीवर आल्यावर सुदाम कुणाचं ऐकतोय! त्याने हवा सोडली आणि खडूवरून कोयती फिरवली. ट्यूब उलगडून चटईसारखी पसरली. एकच तुकडा.

"तुजी जुनी हाय," जैतू म्हणाला. "माजीचं बघ, तुकडंच पडतील."

पडले नाहीत. बाजूलाच जाळं आवरणाऱ्या चांगोची ट्यूब ट्रॅक्टरची, त्यामुळे तिची गोष्टच निराळी, असं चांगोचं ठाम मत होतं. तीही उलगडली. मग बाकीच्यांनाही राहवेना. ऊन डोक्यावर आलं तेव्हा काठावर फुगलेली अशी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे सुदामची छाती. पाण्यात उतरायला कुणाकडेच काही नव्हतं.

सगळे आपापल्या चटया खांद्यावर टाकून दिपिकाच्या दारात आले.

"तुजं खरं गो बाय," जैतू म्हणाला. "आता परत ट्यूब कर."

दिपिकाने कपाळाला हात लावला. "काका, समोरासमोरच्या कडा जोडायच्या."

"कशानं?"

"आमी कागदावर बाण काढतो, नि कडा जोडल्या असं मानतो."

"मानायचं?"

"हो."

जैतूने एकदा चटईकडे बघितलं, एकदा धरणाकडे, आणि घरची वाट धरली.

दिपिकाची आई राही चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. जेवायला बसल्यावर तिने सुदामच्या ताटात नुसता भात वाढला.

"नि कालवन?" सुदामने विचारलं.

"वाढलंय की. मासं हायत असं मानायचं."

सुदामने लेकीकडे बघितलं. ती तोंडावर ओढणी धरून हसत होती. त्याने तो कोरडा भात नीट कालवला आणि मिटक्या मारत खाल्ला.