हैबतरावांचा नळ

"आता पत्तीसाठी कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम न्हाई!" हैबतरावांनी चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगितलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

माले गावचे हैबतराव तीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. या वाद्याच्या तोंडाशी जी पातळ पत्ती बसते, ती नळाची असते. नळ म्हणजे बांबूचा किडकिडीत भाऊबंद! हैबतरावांनी तो ओढ्याकाठी स्वतः लावला, तीन पावसाळे पोरासारखा जपला, कापून दोन उन्हाळे वाळवला.

"आमचा नळ तयार झालाय! उद्या वाजवून दावतो, समदी या!"

टपरीवरून बातमी पाण्याला तरसलेल्या वरच्या वस्तीवर पोचेपर्यंत त्यातलं 'वाजवून' गळून पडलं. उरला नुसता नळ!

सकाळी दारात चाळीस बायका, हंडे-कळश्यांसकट! पुढं सरपंच कल्पनाताई, हातात नारळ. हैबतराव पडवीतून डोकावले आणि त्यांना भरूनच आलं.

"बघ गोजरे, लोकांना कलेची किती कदर हाय!"

"अवो, पण हंडे कशाला?" बायकोनं विचारलं.

"बसायला आणले असतील!"

बाहेर कल्पनाताईंनी नारळ फोडला. आत हैबतरावांनी पत्ती बसवून फुंकर मारली.

घर्रर्र... फुस्स!

"हवा आली! हवा आली!" बाहेर एकच गलका. "आता पाणी येतंय, सरका!"

चाळीस हंडे एकदम पडवीत घुसले! समोर गाल फुगवलेले हैबतराव.

"नळ कुटं हाय?"

"ह्यो काय!" त्यांनी क्लॅरिनेट पुढं केलं.

असा भडका उडाला की शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं!

"ह्याच्यासाठी मी नारळ फोडला?" कल्पनाताई ओरडल्या.

हैबतरावांचा चेहरा पडला. पाच वर्षांची मेहनत! तेवढ्यात गोजराबाई पुढं झाल्या. "आलाच हायसा, तर ऐकून तरी जावा की!"

हैबतरावांनी पत्ती चाकूनं जराशी तासली, जिभेवर भिजवली, परत बसवली आणि डोळे मिटून फुंकर मारली.

काय सूर लागला! कुणाच्या तरी कडेवरचं रडकं पोर गप्प झालं. एकेक बाई हंडा पालथा घालून त्यावर टेकली. गोजराबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

वाजवणं संपलं तेव्हा कल्पनाताईच पहिल्यांदा बोलल्या. "माझ्या पोरीच्या लग्नात तुमीच वाजवायचं, हैबतराव!"

घरच्या पत्तीची पहिली सुपारी! हैबतराव हरखले. "वाजवतो की! तारीख कवाची?"

"आत्ता चौथीत हाय ती."