पाळण्यावरच्या पिसांची चौकशी

पीस वजनाला हलकं असतं, पण त्याची जबाबदारी जड असते. समाजाला हे फार उशिरा कळलं. तोवर पक्षी आपापली पिसं वाटेल तिथे टाकत होते, पोरं ती उचलून कानात घालत होती आणि कुणाला काही होत नव्हतं. (याला निष्काळजीपणाच म्हणायचं.)

आजीलाही हे कळलं नव्हतं. तिने परसातल्या लंगडी नावाच्या कोंबडीची गळलेली पिसं गोळा केली, कढत साबणपाण्यात धुतली, उन्हात वाळवली, बांबूच्या कडीला पक्क्या दोऱ्याने बांधली आणि नातीच्या पाळण्यावर, हात पोचणार नाही अशी टांगली. पिसं हलायची, नात टक लावून बघायची आणि झोपून जायची. त्याआधी या पोरीने घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. आजीला आपल्या कर्तबगारीचं फार कौतुक वाटत होतं, आणि ते रास्तच होतं.

जावई मात्र जबाबदार माणूस. (दोन पायऱ्या उतरतानाही कठडा धरतो.) त्याने विचारलं, "आई, हे कायदेशीर आहे का?"

आजी म्हणाली, पीस कोंबडीचं, कोंबडी माझी, नात माझी, यात कायदा कुठून आला? कायदा दुसऱ्या दिवशी जावयाच्या मागोमाग आला, आणि चपला दाराबाहेर काढून आत बसला.

पीस-निरीक्षक साहेब अतिशय कर्तव्यदक्ष होते. त्यांनी चहा घेतला नाही, फक्त प्रश्न विचारले. पक्षी संरक्षित जातीचा आहे का? पीस त्याने राजीखुशीने टाकलं का? ते बाळाच्या नाकात गेल्यास बाळ शिंकेल का? शिंकल्यास ती शिंक कुणाच्या खात्याची? साहेबांनी खेळणं जप्त केलं आणि चौकशी संपेपर्यंत सोय म्हणून बाळाच्या मुठीत मान्यताप्राप्त प्लास्टिकचा खुळखुळा दिला. त्यावर 'बालकांसाठी सुरक्षित' असं चकचकीत गोल स्टिकर होतं, शर्टाच्या बटणाएवढं. त्याची कड जरा सुटली होती. साहेबांनी ती अंगठ्याने दाबली.

मग ओळखपरेड झाली. लंगडीला टोपलीत घालून कार्यालयात हजर करण्यात आलं. तिथला पंखा बघून ती बिथरली, टेबलांवरून उडाली आणि सगळीकडे पिसंच पिसं करून ठेवली. आता विनापरवाना पिसं खुद्द कार्यालयातच सापडली. दुसरा कुणी असता तर झाडू मागवला असता. साहेबांनी कार्यालयाला सील ठोकलं. (अशी माणसं आता राहिली नाहीत.) आजीचं खेळणं आतच राहिलं.

इकडे नातीने घर डोक्यावर घेतलं. लेक रडकुंडीला आली, जावई कठडा धरूनच पेंगू लागला. आजी साहेबांच्या हातापाया पडली. तिला दुसरं काही नको होतं, पोर झोपायला हवी होती. साहेबांना बसायला जागा नव्हतीच, तेव्हा त्यांनी सुनावणी तिच्याच घरी, पाळण्याशेजारी ठेवली.

सुनावणी रंगली. पीस गिळलं तर काय, या मुद्द्यावर साहेब बोलत होते, जावई मान डोलावत होता. खुळखुळा वाजत होता, मग वाजायचा थांबला. खोलीत शांतता पसरली. साहेब हळू आवाजात म्हणाले, "बघा, मान्यताप्राप्त वस्तूने कसं झोपलं बाळ."

आजीने पाळण्यात वाकून पाहिलं. पोर लालेलाल झाली होती, डोळे पांढरे. आजीने तिला उचलून हातावर पालथी घातली आणि पाठीवर थापट्या मारल्या. दोन, तीन. चौथीला ते चकचकीत स्टिकर जमिनीवर पडलं, आणि पोरीने असा टाहो फोडला की आजीही तिच्याबरोबर रडू लागली.

साहेबांनी स्टिकर उचललं, उलटसुलट पाहिलं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"नशीब," ते म्हणाले, "पीस नव्हतं."

आणि रुमालाने पुसून त्यांनी ते खुळखुळ्यावर परत चिकटवलं.

हसा, खुशाल हसा. स्टिकरची कड सुटलीय हे तुम्हाला मघाशीच सांगितलं होतं. तेव्हा तुम्हीही पिसांकडेच बघत होतात.