लिफ्टचे तांडेल

आमच्या इमारतीची लिफ्ट धर्माकाकांच्या परवानगीशिवाय हलत नाही. "जाडा माणूस मधी घ्या! वहिनी, पिशव्या डाव्या अंगाला! कलंडली म्हंजे?" काका अलिबागच्या कोळीवाड्यातले, जन्मभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान. लोखंडी दोराला टांगलेली लिफ्ट कलंडत नाही, हे मी त्यांना तीन वेळा ओरडून सांगितलं. "दर्यावर बी असंच बोलतात, शेठ," म्हणून त्यांनी मला कोपऱ्यात उभं केलं.

मी शून्यातून वर आलेला माणूस. बिल्डरशी भावाची घासाघीस करून त्याच्या तोंडाला फेस आणला, तेव्हा कुठे हा फ्लॅट घेतला. नकाशातल्या नारळाच्या वाडीच्या जागी त्या हरामखोराने दुसरी इमारत ठोकली. आता खिडकीतून हात काढला, तर समोरच्यांच्या कढईत मीठ टाकता येतं. एका मजल्यावर बारा बिऱ्हाडं. माझ्या भिंतीपलीकडे काका.

फ्लॅट विकायचा ठरवला. वर्षभराने पुण्याचं एक गिऱ्हाईक आलं. मी हवेची, शांततेची तारीफ करत होतो, तेवढ्यात काका दारात.

"शांतता? शेठ शिंकले का माझी झोप मोडते! पानी दिवसाआड. लिफ्ट एकच, ती बी मी हाय म्हनून चालते."

गिऱ्हाईक जिन्याने उतरलं.

मी तणतणत त्यांच्या घरात घुसलो. "काका, माझ्या मुळावर का उठलात?"

काका खाटेवर बसले होते. एवढ्या मोठ्या खोलीत खाट माझ्या भिंतीला चिकटवलेली. काकू गेल्या, मुलगा आखातात.

"कोळीवाड्यात घराला घर लागून व्हतं. ठसका लागला तर शेजारनं पानी यायचं. हितं मानसं त्याच्या दसपट, पन सगळ्यांची दारं बंद. तुमी तेवढं दिवसभर फोनवर भांडताय. घरात कोनतरी हाय, असं वाटतं. तुमी गेलाव तर कोन मुका मानूस आला म्हंजे?"

मी भांडण अर्धवट टाकून घरी आलो. असं मी कधी करत नाही.

दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन आला. गिऱ्हाईक परत यायला तयार होतं, भाव जरा उतरवा म्हणाला. मी खुर्ची त्या भिंतीला लावली आणि तासभर त्याच्याशी कचाकचा भांडलो. सौदा मोडायला आला, तसा पलीकडून आवाज आला, "शेठ, हटू नका!"

हटलो नाही.