सटवाला अडवायची युक्ती

आट्यापाट्यांतलं मला सगळं कळतं! आमच्या नांदूरघाटात हे मी कुणी न विचारताही सांगतो. हीच फुशारकी दिंद्रुडला सासऱ्यांपुढं मारली आणि घात झाला.

सासरे आप्पाराव मिशी पिळत म्हणाले, "जावईबापू, बोलता लई! जत्रंला आमची पोरं तुमच्या गावात खेळाया येत्यात. आमच्या सटवाला अडवून दाखवा, अन् तारीला घरी न्या. न्हाईतर पंचमीपतूर धाडीत न्हाई!"

तारी म्हणजे माझी बायको. ती माहेरी गेल्यापासून मला घर खायला उठत होतं. सटवा तिचा धाकटा भाऊ. आट्यापाट्यांत आखलेल्या प्रत्येक पाटीवर एक पोरगा उभा. पाटी न सोडता त्यानं पळणाऱ्याला शिवायचं. सटवा डावीकडं हुलकावणी द्यायचा आणि उजवीकडून पसार!

गावातल्या पोरांना तयार करायची मला युक्ती सुचली. माझा दोस्त रामकिसन शेळ्या राखायचा. शेवटच्या पाटीपलीकडं बाभळीच्या शेंगा टाकायच्या, मी शीळ घालायची, की शेळ्या पोरांच्या पाट्यांमधून सुसाट!

"दादा, शेळ्या शिवायच्या?" पोरं म्हणाली.

"हां! मुंडक्याकडं बघू नका, पायाकडं बघा!"

जत्रेपर्यंत पोरं अशी तयार झाली, की एक शेळी सुटेना.

"गड्या, माझ्या शेळ्या वाळल्या की बे!" रामकिसन कुरकुरला.

जत्रेचा दिवस उजाडला. पोलिसांचे अमीनसाहेब पंच. सटवानं दोन पाट्या सहज ओलांडल्या. तिसरीवर त्यानं हुलकावणी दिली. आमचा पोरगा पायाकडं बघत खांबासारखा उभा! पुन्हा हुलकावणी. पुन्हा खांब! मागचाही हात पसरून तयार. सटवा मधोमध कोंडला! माहेरच्यांबरोबर जत्रेला आलेली तारी बायकांच्या घोळक्यात टाचा उंचावून बघत होती. मला इतका आनंद झाला, की दोन बोटं तोंडात घातली आणि घातली शीळ!

नदीकाठच्या शेळ्यांनी कान टवकारले.

पुढं काय सांगू! शेळ्यांचं अख्खं खांड मैदानात घुसलं. आणि आमची गुणी पोरं सटवाला सोडून शेळ्या शिवायला लागली! सटवा रमतगमत शेवटच्या पाटीपलीकडं गेला आणि तसाच परत आला.

"बकरी खेल में नहीं!" अमीनसाहेब ओरडले.

"पन सायेब, एक बी सुटली न्हाई!" आमचा एक खांब छाती फुगवून म्हणाला.

सासऱ्यांचा पटका हसून हसून सुटला. "जावईबापू, तारी आता पंचमीनंतरच!"

माझं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात तारी पुढं आली. बाभळीखालच्या शेंगा पदरात भरल्या, तोंडानं 'हर्र' केलं आणि सगळ्या शेळ्या मुकाट तिच्यामागं!

"आबा, मी चालले घरी. ह्यांना पोरं आवरंनात अन् शेळ्या बी."

"अगं, पन आमचा शब्द ठरलावता!"

"तुमचा ठरलावता. मला कुणी इचारलंतं?"

ती पुढं, तिच्यामागं शेळ्या, शेळ्यांच्या मागं मी. आनंदानं शीळ घालावी असं फार वाटत होतं. पण नाही घातली!