शेपटीचा मान

कोरियातल्या चोंजू शहरातल्या पाणी-मीटर महामंडळात दर गुरुवारी संध्याकाळी कार्यालयीन जेवण असे. उपस्थिती ऐच्छिक होती आणि आजवर कोणी गैरहजर राहिलेलं नव्हतं. जेवणात सोजूच्या, म्हणजे तिकडच्या कडक दारूच्या, बाटल्या फुटत. वरिष्ठाने ओतायचं, कनिष्ठाने पेला दोन्ही हातांनी धरायचा, अदब म्हणून तोंड बाजूला वळवून रिकामा करायचा आणि वरिष्ठाने तो पुन्हा भरायचा. महामंडळाचे मीटर चुकत, पण या कामात कधी चूक झाली नाही.

कर्मचारी-कल्याण विभागातल्या प्यो इन-सक यांना डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "यकृत सुजलंय. यापुढे एक थेंबसुद्धा नको. असंच चालू राहिलं तर मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

घरी बायकोने तोंडाचा पट्टा सोडला. "सोलचे बाबा, माझ्यापुढे एवढं तोंड चालतं, साहेबांपुढे 'नको' म्हणायला काय होतं?"

"अगं, साहेब स्वतः ओततात. नको कसं म्हणणार?"

"का? फाशी देतात?"

फाशी परवडली, ती एकदाच देतात, असं प्योंच्या मनात आलं. पण लेक सोल अजून शाळेत होती. मुलीकडे पाहून त्यांनी मनाचा हिय्या केला आणि दुसऱ्या दिवशी संचालक बोंग यांच्यापुढे नम्र सूचना मांडली, की गुरुवारी ज्याला नको असेल त्याला सोजू वाढू नये.

बोंगसाहेबांना गहिवरून आलं. "प्यो, सगळ्यांच्या यकृताची काळजी तू एकटा करतोस. शाबास! पण तुझं निदान चुकलं. गुरुवारी कोणाला काही होत नाही. त्रास होतो शुक्रवारी."

तेव्हा शुक्रवारवर उपाययोजना झाली. परिपत्रक निघालं: 'सोयाबीनच्या मोडांत अस्पॅराजिन नावाचं अमिनो आम्ल विपुल असतं. ते शरीरातील प्रथिनांच्या बांधणीस लागतं आणि नायट्रोजनची ने-आण करतं. शिवाय ते नशेवर उतारा आहे, असं आपले वाडवडील मानत आले. सबब दर शुक्रवारी सकाळी मोडांचं सूप व भात सर्वांस बंधनकारक राहील.' योजनेचे प्रमुख म्हणून प्योंची नेमणूक झाली.

योजना कमालीची यशस्वी ठरली. पूर्वी लोक जरा बिचकून पीत; आता "उद्या सूप आहेच की!" म्हणून आणखी एक फेरी होऊ लागली. फेरी वाढली म्हणून सुपात अंडं आलं, मग बटाटा, मग मासळी. हे आम्ल पहिल्यांदा शतावरीच्या जातीतल्या एका भाजीत सापडलं होतं, असं कळल्यावर साहेबांच्या ताटात त्या भाजीचे कोवळे कोंबही आले. प्योंचे डोळे मात्र पिवळे दिसू लागले.

मग कोणीतरी वाचलं, की मोडातलं अस्पॅराजिन मुख्यतः शेपटीत, म्हणजे मुळाच्या टोकात असतं. कार्यालयात हलकल्लोळ माजला. कारण साहेबांच्या वाडग्यात दिसायला नीटस म्हणून स्वयंपाकघरातल्या क्वाकमावशी शेपट्या खुडून मोड घालत, आणि त्या शेपट्या जात शिपायांच्या पातेल्यात.

"म्हणजे शिपायांची यकृतं माझ्यापेक्षा ठणठणीत?" साहेबांनी विचारलं. प्रश्न शिस्तीचा होता.

प्योंना नवा नियम लिहावा लागला. संचालकांना अखंड शेपट्या, विभागप्रमुखांना अर्ध्या आणि बाकीच्यांना फक्त डोकी. महामंडळात डोक्यांचा फारसा वापर नसल्याने ती मुबलक उरत.

"अरे, मोड आहेत की मोती?" क्वाकमावशी कडाडल्या. "एकेक शेपटी निवडत बसले, तर न्याहारी संध्याकाळी मिळेल! हा अकलेचा दिवा लावला कोणी?"

"मीच, मावशी."

मावशींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गुपचूप मूठभर शेपट्या त्यांच्या वाडग्यात टाकल्या. प्योंनी त्या वेचून परत दिल्या. नियम म्हणजे नियम.

पुढच्याच शुक्रवारी प्यो सुपाच्या वाडग्यावर कोसळले.

"पण मी मोड खात होतो," दवाखान्यातल्या खाटेवरून ते पुटपुटले.

डॉक्टर वैतागले. "अहो, ते आम्ल तुमचं शरीर स्वतःच बनवतं! यकृताला सुट्टी हवी होती, आणि ती कुठल्या भाजीत नसते."

महामंडळाने चौकशी नेमली. सूप घेऊनही कर्मचारी कोसळतो, म्हणजे दोष सुपाचा नव्हे, हे उघड होतं. निष्कर्ष निघाला, की श्री. प्यो यांना त्यांच्या पदामुळे शेपट्या मिळत नव्हत्या. बोंगसाहेब मनाचे मोठे. त्यांनी प्योंना विभागप्रमुख केलं.

बढती म्हटली की जेवण आलंच. ते गुरुवारी ठेवलं. दवाखान्यातून थेट आलेल्या प्योंच्या शेजारी बसून साहेबांनी स्वतः बाटली उघडली. "घे, प्यो! आजपासून अर्ध्या शेपट्या तुझ्या!"

सगळं टेबल पाहत होतं. प्योंच्या उजव्या कुशीत कळ आली. सोलचा चेहरा डोळ्यांपुढे आला. 'नको' हा शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथे अदबीने थांबला. प्योंनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि तोंड बाजूला वळवलं.

काय हा मूर्ख माणूस, नको म्हणाला असता तर काय बिघडलं असतं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. तुम्ही स्वतः साहेबांना 'नको' केव्हा म्हणाला होतात, तेवढं आठवून सांगा. आठवेपर्यंत सोयाबीन भिजत घाला. मोड यायला वेळ लागतो.