जिन्यातलं कपाट

कपाट अकराला आलं आणि सव्वाअकराला जिन्यात अडकलं.

इमारत चार मजल्यांची, बिनलिफ्टची. फुटबॉल क्लबने ती आपल्या माणसांसाठी भाड्याने घेतली होती. तळमजल्यावर घरमालक, पहिल्या मजल्यावर प्रशिक्षक आणि त्यांच्या डोक्यावर अर्ध्याहून जास्त संघ, जसा मावेल तसा. कपाट जायचं होतं तिसऱ्या मजल्यावर, पाहुण्यांकडे.

‘पाहुणे’ हे नाव संघातल्या पोरांनी ठेवलेलं. माणूस पस्तिशीचा, मधल्या फळीत खेळणारा, आणि चौदा वर्षांत बारा क्लब फिरून आलेला. कुठे इतकी थंडी की शिट्टी पंचांच्या ओठाला चिकटायची, कुठे मैदान इतकं समुद्राला लागून की चेंडू आणायला होडी पाठवायची. खेळ वाईट होता म्हणून क्लब सुटले, असं नाही. भांडणं तर त्याने कधी केलीच नाहीत. गोष्ट एवढीच होती की त्याच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द कुणी ऐकला नव्हता. अध्यक्ष बोलावून सांगायचे, “तुम्हाला तिकडे पाठवतोय.” हा म्हणायचा, “बरं.” मैदानातही तेच. चेंडू आला की डावीउजवीकडे बघायचं आणि ज्याला जास्त गरज दिसेल त्याला देऊन टाकायचा.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण ते बांधायचं काम विंचवाच्या बायकोलाच करावं लागतं. पाहुण्यांच्या बायकोने चौदा वर्षं घडीच्या खुर्च्यांवर काढली होती. टेबल घडीचं, पलंग घडीचा, कपाट म्हणजे कापडाची उभी पिशवी, तिला पुढून चेन. ती चेन नवव्या गावात तुटली आणि दहाव्यापासून कपडे सुटकेसमध्येच राहायला लागले. या वेळी क्लबने पहिल्यांदाच तीन वर्षांचा करार केला. कराराची शाई वाळायच्या आत ती सुताराकडे गेली.

“असं कपाट करा, की ते सुटं होता कामा नये,” ती म्हणाली.

सुताराला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “वहिनी, लोक उलट सांगतात. सुटं झालं की न्यायला बरं पडतं.”

“मला न्यायचंच नाहीये.”

सुतार म्हातारा होता आणि आयुष्यभर स्क्रूवर जगलेला. असं गिऱ्हाईक त्याला पुन्हा मिळणार नव्हतं. त्याने जीव ओतून, खाचेत खाच बसवून, माणूसभर उंचीचं आणि दोन माणसं रुंदीचं कपाट केलं. घरी येऊन खोलीची भिंत मोजली, दरवाजा मोजला, खिडकीपासूनचं अंतरसुद्धा मोजलं. जिना तेवढा कुणीच मोजला नाही. जिना काय, असतोच.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर दोन हमालांनी कपाट उभं करून फिरवायला घेतलं, आणि ते तिथेच बसलं. वरचा कोपरा छताला टेकला, खालचा पाय कठड्याच्या गजांत शिरला. दारं वरच्या बाजूला, पाठ खालच्या बाजूला. पाहुणे, सुतार आणि हमाल खाली राहिले. पाहुण्यांची बायको वर.

“अहो, जरा मागे घ्या,” ती कपाटाच्या पलीकडून म्हणाली.

मागे घेतलं. हललं नाही. पुढे ढकललं. तेही नाही. एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा गोलरक्षक आवाज ऐकून खाली आला. हा साडेसहा फुटी गडी, मनाने फार चांगला.

“वहिनी, तुम्ही बाजूला व्हा. मी बघतो,” तो म्हणाला आणि त्याने वरून खांदा लावला. नेमक्या त्याच क्षणी हमालांनी खालून जोर केला. पाठीत कुठेतरी ‘कर्र’ असा आवाज झाला. कपाट आता नुसतं अडकलेलं नव्हतं. इमारत बांधतानाच ठेवल्यासारखं ते घट्ट झालं होतं.

“आता ठीक आहे का?” गोलरक्षकाने विचारलं.

“फारच ठीक आहे,” सुतार खालून म्हणाला.

घरमालक चहाचा कप घेऊन वर आले. त्यांनी कपाटाकडे, मग कठड्याकडे पाहिलं. “कठड्याला करवत लागली तर क्लबला इमारत खाली करून द्यावी लागेल,” असं शांतपणे सांगून ते चहा निवायच्या आत परत गेले.

तोपर्यंत साडेबारा झाले होते. आणि तेव्हा कुठे गोलरक्षकाच्या लक्षात आलं की चारला सामना आहे.

सामना साधासुधा नव्हता. हरले तर क्लब खालच्या गटात जाणार होता आणि खालच्या गटात गेला तर करारबिरार सगळे नव्याने. बरोबरी झाली तरी भागलं असतं. पण बरोबरीलाही माणसं लागतात. सात खेळाडू कपाटाच्या वर होते. पाहुणे एकटे खाली.

दीडला मैदानावरून प्रशिक्षकांचा फोन आला.

“पाहुणे, माझी पोरं कुठायत?”

“वर आहेत.”

“वर म्हणजे?”

“कपाटाच्या वर.”

“कपाटावर चढून काय करतायत ती? सामन्याच्या दिवशी?”

पाहुण्यांनी सगळी हकीकत सांगितली. मग प्रशिक्षक इतक्या मोठ्याने ओरडले की फोन कानापासून लांब धरावा लागला. “गोलरक्षक वर! बचाव फळी वर! आणि माझी मधली फळी कुठाय?”

सुताराला वाटलं प्रश्न आपल्याला आहे. “मधली फळी ठेवलीच नाही साहेब. वहिनींना लांब कपडे टांगायचेत.”

“कोण बोलतंय हे?”

“सुतार,” पाहुणे म्हणाले.

“सुतार आहे ना तिथे? मग करवत असेल त्याच्याकडे. कापा ते कपाट! मधोमध कापा!”

सुताराने ते ऐकलं आणि करवतीची पिशवी पाठीमागे लपवली. पाहुण्यांच्या एका हातात फोन, दुसरा हात कपाटावर. फटीतून वरून बायकोचा आवाज आला. ती चिडलेली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नव्हती.

“कापा म्हणतायत तर कापा,” ती म्हणाली. “आपल्याला काय, सवय आहे.”

पाहुण्यांना एकदम त्या चेन तुटलेल्या कपाटासमोर बसून कपडे सुटकेसमध्ये भरणारी ती आठवली. तेव्हाही ती असंच काहीतरी म्हणाली होती, आणि त्यांनी ‘बरं’ म्हटलं होतं.

“पाहुणे! ऐकताय ना? कापा, नाहीतर उद्यापासून तुमची जागा बाकावर!”

“नाही,” पाहुणे म्हणाले.

“काय नाही? ऐकत नाही?”

“ऐकतोय. कापणार नाही.”

शब्द तोंडातून निघाल्यावर ते स्वतःच दचकले. पलीकडे प्रशिक्षकांनी फोन ठेवून दिला. वरच्या बाजूला गोलरक्षक कुजबुजला, “वहिनी, हे पाहुणेच बोलले ना?”

ती पायरीवर बसली होती. उठली, पदराने कपाळ पुसलं आणि फटीशी तोंड नेलं.

“सुतारकाका, कपाटाची पाठ निघते का?”

“निघते. खाचेत बसवलीय, पटाशीने अलगद निघेल. पण तुम्हीच म्हणाला होतात की काही सुटं होता कामा नये.”

“मीच म्हणाले होते. आता मीच म्हणतेय, काढा.”

म्हाताऱ्याने अर्ध्या तासात पाठ काढली, तान्ह्या बाळाचं अंगडं काढावं इतक्या हळुवारपणे. मग पाहुण्यांच्या बायकोने वरून कपाटाची दोन्ही दारं उघडली. चौदा वर्षांनी तिच्या घरात नवं कपाट आलं होतं, आणि त्याचं पहिलं दार उघडून तिने म्हटलं, “हं, एकेक करून चला. बूट हातात घ्या, आतून पॉलिश केलंय.”

खेळाडू एकामागून एक कपाटात शिरले आणि पाठीतून बाहेर पडले. घरमालक पुन्हा वर आले होते. ते मोजत होते.

“कपाट आणणार एवढंच सांगितलं होतंत,” ते पाहुण्यांना म्हणाले. “आत सात माणसं आहेत हे नव्हतं सांगितलं.”

गोलरक्षक शेवटी. तो आडवा शिरला, तिरका झाला, आणि हँगरच्या दांडीला मानेपाशी अडकला. पुढून पाहुण्यांनी हात ओढले, मागून वहिनींनी पाठीत बुक्की घातली, तेव्हा निघाला. त्याच्या कॉलरमध्ये एक हँगर राहिला होता, तो मैदानावर पंचांनी काढून दिला.

सामना शून्य-शून्य सुटला. बघणाऱ्यांच्या मते इतका कंटाळवाणा सामना त्या मैदानावर झाला नव्हता. पण खालच्या गटात जाणं टळलं, आणि प्रशिक्षकांचा आवाज संध्याकाळपर्यंत माणसात आला. पाहुण्यांना बाकावर बसवायचं ते विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं.

जिन्यात मात्र नवाच प्रश्न उभा होता. पाठ निघाल्यामुळे कपाटाचा ताण सुटला, कोपरा छतापासून मोकळा झाला आणि कपाट हलायला लागलं, पण फक्त खाली. वर ते कधीच जाणार नाही, हे सुताराने टेप लावून तीनदा सिद्ध केलं. सहा जणांनी धरून ते उतरवलं आणि पहिल्या मजल्यावर प्रशिक्षकांच्या दारासमोर टेकवलं. दारातून ते आत मावत होतं. अगदी सहज.

प्रशिक्षक एकटेच राहत. त्यांनी कपाट पाहिलं. पाहुण्यांच्या बायकोचा चेहरा पाहिला. दुपारी आपण काय काय ओरडलो, तेही बहुधा आठवलं.

“तुम्ही खाली या,” ते घसा खाकरून म्हणाले. “मी जातो वर. मला जिना चढायला डॉक्टरांनी सांगितलंच आहे.”

तिने पाहुण्यांकडे पाहिलं. “म्हणजे शिफ्टिंग?”

“दोनच मजले,” पाहुणे चाचरत म्हणाले.

या तेराव्या घरात आल्यावर तिने ठणकावून सांगितलं होतं की आता यापुढे एक चमचासुद्धा हलवणार नाही. पण सवय वाईट असते. चाळीस मिनिटांत तिने आख्खं घर बांधून, उतरवून, पुन्हा मांडून दाखवलं. प्रशिक्षकांचं सामान तेव्हा अजून जिन्यातच होतं, आणि ते स्वतः हातात एक उशी घेऊन चकित होऊन उभे होते.

तीन दिवसांनी क्लबच्या अध्यक्षांचा फोन आला. पाहुणे खुर्चीत बसले होते, ती कपाटात सदरे टांगत होती.

“पाहुणे, तुमच्यासाठी एक क्लब विचारतोय,” अध्यक्ष म्हणाले. “लांब आहे, पण हवा छान. करार आपण मोडून घेऊ. परवा निघता येईल?”

कपाटातला हँगरचा आवाज थांबला.

“नाही जमणार,” पाहुणे म्हणाले.

“का बरं?”

इथे पंचाईत झाली. होकाराला कुणी कारण विचारत नाही. नकाराला विचारतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी खरं ते सांगायला सुरुवात केली. “त्याचं असं आहे साहेब, सामन्याच्या दिवशी जिन्यात जरा घोळ झाला. पाठ पार निखळलीय—”

“अरे बापरे!” अध्यक्ष म्हणाले. “पाठ?”

“हो. तशीच उघडी आहे. खालच्या बाजूने दोन ठिकाणी चीरही गेलीय. ती आता ठोकून—”

“ठोकून? कुणाकडे दाखवलंत?”

“म्हातारा आहे एक ओळखीचा. उद्या येतो म्हणालाय.”

“अहो पाहुणे, काय बोलताय! कुठे जायचं नाही, काही नाही. त्या क्लबला मी आत्ता कळवतो. या पाठीवर प्रवास? तुम्ही अगदी गप्प पडून राहा. आणि हे बघा, जड काही उचलू नका.”

“बरं,” पाहुणे म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला आणि मान वळवली. कपाटाची दोन्ही दारं उघडी होती, आत टांगलेल्या सदऱ्यांत डोकं खुपसून ती उभी होती, आणि तिचे खांदे हसून हसून गदागदा हलत होते.